ऐकीव सल्ल्यावर पैसे घालू नका : इंटरनेटचे नियम मुळातून शोधायला शिका



या आठवड्याच्या व्हिडिओत मी स्क्रीनवर भराभर क्लिक करत गेलो. बऱ्याच जणांनी नंतर सांगितलं, "सर, नंबर लिहून घ्यायलाच वेळ मिळाला नाही." म्हणून हा लेख. वही-पेन घेऊन बसा. वाचायला पंधरा मिनिटं लागतील, आणि शेवटी गृहपाठ आहे.

विषय नावाला अवघड वाटेल : इंटरनेटच्या मानकांचे कागद शोधायचे कसे. तुम्ही म्हणाल, "आम्ही गूळ विकतो, पापड विकतो, क्लास चालवतो, आम्हाला त्याचं काय?" आधी एक गोष्ट सांगतो. मग तुम्हीच ठरवा.

तेलगावची गोष्ट

बीड-परळी रस्ता आणि माजलगाव-धारूर रस्ता जिथे भेटतात, ते आपलं तेलगाव. साखर कारखान्याचं गाव. हंगामात चौकात उभं राहिलं तर उसाच्या गाड्यांमधून रस्ता ओलांडायला दहा मिनिटं जातात. इथल्याच एक ताई माझ्या बॅचला होत्या. गूळ पावडर आणि काकवी तयार करून पाकिटात भरतात. माल चांगला, पॅकिंग नीट, लेबल नीट. स्वतःच्या ब्रँडच्या नावाचं डोमेन घेतलं, त्यावर ईमेल घेतला. मी वर्गात सांगतो ना, की फुकटच्या ईमेलवरून कोटेशन पाठवू नका, तसंच त्यांनी केलं.

दिवाळीच्या दीड महिना आधी पुण्याच्या एका दुकानदाराने फोनवर भाव विचारला. ताईंनी त्याच दिवशी कोटेशन मेल केलं. आठ दिवस उत्तर नाही. पुन्हा मेल केला. उत्तर नाही. शेवटी फोन लावला, तर दुकानदार म्हणाले, "ताई, तुमचा मेलच आला नाही. आम्ही दुसरीकडे ऑर्डर दिली." नंतर त्यांनी शोधलं, तर दोन्ही मेल स्पॅममध्ये पडलेले.

ऑर्डर गेली. चाळीस हजारांची होती. छोट्या धंद्यात चाळीस हजार म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

ताईंनी मग ओळखीतल्या एका माणसाला विचारलं. तो म्हणाला, "तुमचा सर्व्हर खराब आहे. मोठा प्लॅन घ्या, वर्षाला अठरा हजार लागतील." ताई पैसे भरायच्या बेतात होत्या. त्याआधी मला फोन केला, "सर, भरू का?"

मी म्हटलं, "ताई, एक दिवस थांबा. आधी रोग बघू, मग औषध."

रोग कसा बघितला

मी त्यांना माझ्या जीमेलवर एक साधा मेल पाठवायला सांगितला. तो आला तोही स्पॅममध्येच. संगणकावर मेल उघडला, उजवीकडच्या तीन टिंबांवर क्लिक केलं आणि 'शो ओरिजिनल' निवडलं. हे तुम्हीही करू शकता. तिथे मेलचा सगळा प्रवास दिसतो आणि वरच्या बाजूला एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क अशा तपासण्यांचे निकाल असतात. ताईंच्या मेलवर एसपीएफच्या निकालात शब्द होता 'परमएरर'. डीकेआयएमची ओळच नव्हती.

आता एसपीएफ म्हणजे काय, ते तेलगावच्या भाषेत सांगतो. कारखान्याच्या गेटवर यादी असते, कुठल्या गाड्या आत सोडायच्या. गाडी आली की वॉचमन नंबर यादीशी ताडून बघतो. तसंच, तुमच्या डोमेनच्या नोंदीत एक ओळ लिहिलेली असते : माझ्या नावाने मेल पाठवायची परवानगी या-या सर्व्हरला आहे. मेल पोचला की समोरचा सर्व्हर ती ओळ वाचतो. पाठवणारा यादीत असेल तर पास. ही यादी नसेल तर तुमच्या नावाने कुणीही खोटी बिलं पाठवू शकेल.

मग 'परमएरर' म्हणजे काय? इथे दोन रस्ते होते. एक, नेटवर शोधायचं आणि जो सल्ला आधी येईल तो मानायचा. दुसरा, ज्या कागदात एसपीएफचा नियम लिहिलाय तो कागदच उघडायचा. आम्ही दुसरा रस्ता धरला. तो कागद कुणाच्या कपाटात नाही, फुकट आहे आणि कुणालाही उघडता येतो.

आरएफसी म्हणजे काय

इंटरनेटचे नियम ज्या कागदांत लिहिलेले असतात त्यांना आरएफसी म्हणतात. 'रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स', म्हणजे 'अभिप्रायासाठी विनंती'. पहिला कागद ७ एप्रिल १९६९ चा, स्टीव्ह क्रॉकर यांनी लिहिलेला. तेव्हा ते विद्यार्थीच होते. आम्ही शहाणे, तुम्ही ऐका, असा सूर वाटू नये म्हणून त्यांनी नाव असं नम्र ठेवलं. पुढे जवळजवळ तीस वर्षं, १९९८ मध्ये निधन होईपर्यंत, जॉन पोस्टेल यांनी हे कागद सांभाळले आणि तपासून प्रसिद्ध केले. आज त्यांची संख्या नऊ हजारांच्या वर आहे.

नऊ हजार कागद म्हटल्यावर घाबरू नका. तहसीलमध्ये सातबारे लाखो असतात, पण तुम्हाला तुमचा गट नंबर माहीत असला की काम होतं. इथेही तसंच. नंबर शोधायचा, कागद काढायचा, आणि तो चालू आहे की रद्द झालाय ते बघायचं. एवढ्या तीन गोष्टी.

कागद काढायची तीन साधनं

पहिलं साधन : आरएफसी एडिटरचं संकेतस्थळ. पत्ता आरएफसी-एडिटर डॉट ऑर्ग. तिथे शोधपेटी आहे. नंबर माहीत असेल तर नंबर टाका, नसेल तर शीर्षकातला शब्द टाका. प्रत्येक कागदाला स्वतःचं माहिती-पान असतं. आधी ते पान उघडायचं, कागद नंतर.

दुसरं साधन : डेटाट्रॅकर. हे नियम तयार करणाऱ्या आयईटीएफ या संस्थेचं. पत्ता डेटाट्रॅकर डॉट आयईटीएफ डॉट ऑर्ग. इथे कागदाची कुंडली दिसते. कुठल्या जुन्या कागदाला याने रद्द केलं, पुढे कुणी यात दुरुस्ती केली, सगळं. कागदात एका कलमातून दुसऱ्या कलमात क्लिक करून जाताही येतं.

तिसरं साधन, माझं आवडतं : सूची-फाईल. आरएफसी एडिटरकडे सगळ्या कागदांची एक साधी मजकूर-फाईल मिळते. प्रत्येक नोंदीत नंबर, शीर्षक, लेखक, महिना-वर्ष, कुणाला रद्द केलं, कुणी रद्द केलं आणि दर्जा. ती एकदा उतरवून लॅपटॉपवर ठेवा. मग कंट्रोल आणि एफ दाबा आणि शब्द शोधा. लाईट गेली, नेट गेलं, तरी शोध चालू. आपल्याकडे याचं महत्त्व मी सांगायला नको. ज्यांना संगणकाची जास्त गोडी आहे त्यांनी 'आरसिंक' नावाचं साधन शिकून घ्यावं. त्याने सगळे कागद आपल्या संगणकावर उतरवता येतात, आणि पुढच्या वेळी फक्त नवीन आलेले तेवढेच खाली येतात.

शोधात दोन खड्डे असतात

आम्ही सूचीत 'सेंडर पॉलिसी फ्रेमवर्क' शोधलं. एसपीएफचं ते पूर्ण नाव. एक नाही, अनेक कागद निघाले. ४४०८, ६६५२, ६६८६, ७२०८. आता कुठला वाचायचा?

पहिला खड्डा : जुना कागद. ४४०८ हा एप्रिल २००६ चा, आणि त्याचा दर्जा होता 'एक्सपेरिमेंटल', म्हणजे प्रायोगिक. त्याच्या नोंदीत स्पष्ट लिहिलंय, 'ऑब्सोलीटेड बाय ७२०८'. म्हणजे ७२०८ ने त्याची जागा घेतली. ७२०८ हा एप्रिल २०१४ चा, स्कॉट किटरमन यांनी लिहिलेला, दर्जा 'प्रपोज्ड स्टँडर्ड'.

याने काय फरक पडतो? खूप पडतो. जुन्या कागदात डोमेनच्या नोंदीत 'एसपीएफ' नावाचा वेगळा प्रकार होता. नव्या कागदाच्या कलम ३.१ ने तो बंद केला : नोंद फक्त 'टीएक्सटी' प्रकारातच करायची. तरी आजही जुने लेख वाचून लोक 'एसपीएफ प्रकारची नोंद करा' असं सांगतात. सांगणाऱ्याची चूक इतकीच, की तो रद्द झालेला कागद वाचून आला.

दुसरा खड्डा : प्रत्येक आरएफसी म्हणजे नियम नव्हे. हे सांगायला एप्रिल १९९५ मध्ये एक वेगळी आरएफसी निघाली, नंबर १७९६. तिचं शीर्षकच सांगतं की सगळ्या आरएफसी मानकं नसतात. काही कागद माहितीपर, काही प्रायोगिक, काही इतिहासजमा. आणि काही चक्क विनोद! नंबर ११४९, तारीख १ एप्रिल १९९०, विषय कबुतरांमार्फत इंटरनेटचा डेटा पाठवणं. एप्रिल फूल. म्हणून 'आरएफसीत लिहिलंय' असं कुणी ठासून सांगितलं, तर विचारा, "नंबर काय? दर्जा काय? रद्द तर झाली नाही ना?" या तीन प्रश्नांनी निम्मे हुशार गप्प होतात.

इंग्रजीची भीती

इथे ताई म्हणाल्या, "सर, साठेक पानं, सगळं इंग्रजी. माझ्याने होणार नाही."

मी म्हटलं, "ताई, सगळं कुणी वाचायला सांगितलंय? आपल्याला एकच शब्द शोधायचाय."

ही युक्ती नीट लक्षात ठेवा. आरएफसी कादंबरीसारखी वाचायची नसते. तुमच्या अडचणीचा नेमका शब्द, जसा स्क्रीनवर दिसतो तसाच, कागदात शोधायचा. आमचा शब्द होता 'परमएरर'. त्यामुळे बऱ्याच जागा सापडल्या. त्यातल्या एका ठिकाणी अर्थ होता : डोमेनची नोंद नीट लावताच येत नाही, आणि ती डोमेन सांभाळणाऱ्यानेच दुरुस्त करायला हवी. म्हणजे सर्व्हर खराब नाही. प्लॅन लहान नाही. नोंद चुकली आहे. अठरा हजारांचा सल्ला इथेच गळून पडला.

बाकी मोजके शब्द पाठ केले की तुमचं काम भागतं. वहीत लिहा :

- ऑब्सोलीट्स : हा कागद ज्या जुन्या कागदाला रद्द करतो.
- ऑब्सोलीटेड बाय : या कागदाला ज्याने रद्द केलं. हे दिसलं की तिकडे जा.
- अपडेटेड बाय : कागद चालू आहे, पण पुढच्या कागदांत दुरुस्ती आहे. तीही बघा.
- स्टेटस : दर्जा. मानक, प्रायोगिक, माहितीपर वगैरे.
- एराटा : छापल्यानंतर सापडलेल्या चुका. आरएफसी एकदा प्रसिद्ध झाली की तिचा मजकूर बदलत नाहीत. चुकांची यादी वेगळी ठेवतात.
- मस्ट : केलंच पाहिजे. 'मस्ट नॉट' म्हणजे करायचंच नाही.
- शुड : करावं. सबळ कारण असेल आणि परिणाम माहीत असतील तरच सोडावं.
- मे : मर्जी तुमची.

शेवटच्या तीन शब्दांचा अर्थ ठरवायला मार्च १९९७ मध्ये स्वतंत्र कागद निघाला, नंबर २११९. मे २०१७ मधल्या ८१७४ ने त्यात भर घातली, की हे शब्द सगळे मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलेले असतील तरच त्यांना हा खास अर्थ आहे. त्यामुळे कागदावर नजर फिरवताना मोठ्या अक्षरांतला 'मस्ट' शोधा. तिथे तुमचे पैसे वाचतात किंवा जातात.

सापडलं काय?

७२०८ चं कलम ३.२. तिथे मोठ्या अक्षरांत 'मस्ट नॉट' आहे : एका डोमेनला एसपीएफच्या एकापेक्षा जास्त नोंदी असता कामा नयेत. आणि कलम ४.५ सांगतं की तपासताना एकापेक्षा जास्त नोंदी सापडल्या, तर निकाल 'परमएरर'.

ताईंच्या डोमेनची नोंद-यादी उघडली. एसपीएफच्या दोन ओळी!

झालं असं होतं. वेबसाइट करून देणाऱ्याने ईमेल चालू करताना पहिली ओळ टाकली. ती बरोबर होती. सहा महिन्यांनी ताईंनी गिऱ्हाइकांना सणाच्या ऑफर पाठवायला एक मेल-सेवा घेतली. त्या सेवेने सांगितलं, अशी-अशी नोंद टाका. ताईंच्या भाच्याने प्रामाणिकपणे ती नवीन ओळ म्हणून टाकली. खरं तर ती जुन्या ओळीतच मिळवायला हवी होती. गेटवर दोन वेगळ्या याद्या टांगल्या, तर वॉचमन करणार काय? कुठलीच यादी मानत नाही.

भाचा हिरमुसला. मी त्याला म्हटलं, "अरे, ही चूक शिकलेली माणसंही करतात. तू नोंद टाकायला शिकलास, आता कागद वाचायलाही शिक." खरंच सांगतो, मी ज्या छोट्या व्यवसायांची डोमेन तपासली त्यांच्यात ही चूक मला वारंवार दिसली आहे.

उपाय : दोन ओळींची एक ओळ. सुरुवातीला 'व्ही बरोबर एसपीएफ१' एकदाच. मग ईमेल देणाऱ्या कंपनीचा 'इन्क्लुड', मग मेल-सेवेचा 'इन्क्लुड'. शेवटी 'ऑल'ची खूण एकदाच. जुन्या दोन्ही ओळी काढून टाकायच्या. टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायचं. खर्च शून्य रुपये.

त्याच कागदात कलम ४.६.४ ही बघून ठेवा. ही ओळ तपासताना डोमेनच्या जास्तीत जास्त १० चौकश्या करायला परवानगी आहे. प्रत्येक 'इन्क्लुड' म्हणजे एक चौकशी, आणि त्याच्या आतल्याही मोजल्या जातात. दहाच्या वर गेलं की पुन्हा 'परमएरर'. म्हणून दिसेल ती सेवा जोडत बसू नका, आणि बंद केलेल्या सेवेचा 'इन्क्लुड' काढून टाका.

दुसरं काम डीकेआयएमचं. ती मेलवरची डिजिटल सही. कागद ६३७६, सप्टेंबर २०११. ईमेल देणाऱ्या कंपनीच्या पॅनलमधून एक किल्ली मिळते, ती डोमेनच्या नोंदीत टाकायची असते. तीही टाकली. जीमेलने फेब्रुवारी २०२४ पासून सगळ्या पाठवणाऱ्यांना एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी निदान एक असणं सक्तीचं केलंय. दिवसाला ५,००० च्या वर मेल जीमेलवर पाठवत असाल तर दोन्ही हवेत, शिवाय डीमार्कही. ताईंचं एसपीएफ मोडलेलं आणि डीकेआयएम नाहीच. मेल स्पॅममध्ये जाण्यात नवल काय?

नोंदी बदलल्यावर लगेच फरक दिसत नाही. जुनी माहिती काही तास ठिकठिकाणी साठवलेली असते. दुसऱ्या दिवशी ताईंनी पुन्हा मेल पाठवला. 'शो ओरिजिनल'मध्ये दोन्ही ठिकाणी 'पास', आणि मेल थेट इनबॉक्समध्ये.

दिवाळीची ऑर्डर मात्र परत आली नाही. ती गेलीच. स्पॅममध्ये मेल जाण्याची इतर कारणंही असतात, तेव्हा एवढं केलं की तुमचा प्रत्येक मेल पोचेलच अशी हमी मी देणार नाही. पण अठरा हजार वाचले, आणि रोग कुठे होता ते ताईंना स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं.

मराठी नावाचं डोमेन घ्यायचंय?

७२०८ च्या माहिती-पानावर 'अपडेटेड बाय'मध्ये एक नंबर दिसतो, ८६१६, जून २०१९ चा. त्याचा विषय आपल्या कामाचा आहे : इंग्रजी सोडून इतर लिप्यांतल्या ईमेल पत्त्यांना या तपासण्या कशा लावायच्या. ताईंनी लगेच विचारलं, "सर, मग मराठीत डोमेन घेऊ का?"

घेता येतं. डॉट भारत ही देवनागरीतली डोमेनची शेपटी ऑगस्ट २०१४ पासून आहे, आणि मराठी तिच्यात आहे. पण आतून काय चालतं ते समजून घ्या. डोमेनची जुनी यंत्रणा इंग्रजी अक्षरांवर चालते. म्हणून देवनागरी नावाचं इंग्रजी अक्षर-अंकांत रूपांतर होतं, आणि त्याची सुरुवात 'एक्सएन' आणि दोन डॅशने होते. हे रूपांतर मार्च २००३ च्या ३४९२ मध्ये दिलंय. पॅनलमध्ये असलं विचित्र नाव दिसलं तर घाबरू नका. ते तुमचंच नाव आहे.

धंद्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी. 'गूळ' आणि 'गुळ' हे आपल्याला एकच, पण यंत्राला दोन वेगळे शब्द, म्हणजे दोन वेगळी डोमेन. गिऱ्हाईक ऱ्हस्व लिहिणार की दीर्घ, सांगता येत नाही. तेव्हा मराठी नाव घेताना दोन्ही शुद्धलेखनांचा विचार करा. आणि सगळ्या ईमेल सेवा देवनागरी पत्ता अजून स्वीकारत नाहीत, म्हणून इंग्रजी अक्षरांतलं डोमेन सोडू नका.

छोट्या धंद्याला लागणारे आणखी काही नंबर

- ४१८० (ऑक्टोबर २००५) : सीएसव्ही फाईल. गिऱ्हाइकांची यादी दुसरीकडे चढवताना रकाने सरकतात ना? पत्त्यात स्वल्पविराम असेल तर पूर्ण पत्ता दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवायचा. हा कागद माहितीपर आहे, मानक नाही, तरी उपयोगाचा.
- ३६२९ (नोव्हेंबर २००३) : यूटीएफ-८. मराठी अक्षरांच्या जागी भलतंसलतं दिसत असेल तर फाईल यूटीएफ-८ मध्ये साठवली आहे का ते आधी बघा.
- ३९६६ (डिसेंबर २००४) : वेबसाइटवर दाबलं की थेट फोन लागणारी लिंक. नंबर अधिक ९१ ने सुरू करा.
- ६३५० (ऑगस्ट २०११) : व्हीकार्ड. व्हिजिटिंग कार्डवरच्या क्यूआरमधून नाव-नंबर थेट मोबाईलमध्ये साठवायला.
- ८०५८ (जानेवारी २०१७) : जाहिरातीच्या मेलमध्ये एका क्लिकवर नाव काढून घ्यायची सोय. ऑफरचे मेल पाठवणाऱ्यांनी हा बघाच.

हीच सवय मालाच्या मानकांनाही लावा

भारतीय मानक ब्युरोची मानकंही आता नोंदणी करून त्यांच्या संकेतस्थळावरून पाहता येतात. फक्त एक फरक ध्यानात ठेवा. आरएफसीत नियम बदलला की नंबरच बदलतो. ब्युरोच्या मानकात नंबर तोच राहतो आणि वर्ष बदलतं. बाटलीबंद पाण्याचं आयएस १४५४३ घ्या. २००४ ची आवृत्ती वेगळी, २०१६ ची वेगळी. म्हणून तिथे नंबरासोबत वर्ष आणि त्यानंतरच्या दुरुस्त्या बघायच्या. मशीनवाला जुन्या वर्षाचा कागद दाखवून मशीन विकत नाही ना, हे तुम्हालाच तपासायचंय.

यात धंदा आहे का?

आहे. तेलगाव, माजलगाव, धारूर, वडवणी या पट्ट्यात स्वतःचं डोमेन असलेली दुकानं, क्लास, दवाखाने, कारखान्याला माल पुरवणारे आता दिसायला लागलेत. त्यांची डोमेन तपासून देणं हे एका लॅपटॉपवर होणारं काम आहे. पण अहवाल द्या तो असा : काय दिसलं, कुठल्या आरएफसीच्या कुठल्या कलमाविरुद्ध आहे, काय बदलायचं, बदलल्यानंतर काय दिसलं. चार रकाने, एक पान. 'सर्व्हर खराब आहे' हे कुणीही म्हणू शकतं. 'कलम ३.२ बघा, तुमच्या दोन नोंदी आहेत' हे म्हणायला कागद वाचावा लागतो. गिऱ्हाईक त्याचेच पैसे देतं.

दोन पथ्यं. बदल करण्याआधी जुन्या नोंदींचा फोटो काढून ठेवा, म्हणजे बिघडलं तर परत जाता येईल. आणि गिऱ्हाइकाचा पासवर्ड मागू नका. त्याच्यासमोर बसून त्याच्याच हाताने करून घ्या.

मोबाईलवरच्या चॅटबॉटला विचारलं तर चालेल का, असंही बरेच जण विचारतात. विचारा, पण उत्तरातला फक्त नंबर घ्या आणि मूळ कागद उघडून कलम बघा. नंबरच चुकीचा निघाल्याचं मी पाहिलंय.

या आठवड्याचा गृहपाठ

१. आरएफसी एडिटरवरून सूची-फाईल उतरवा आणि लॅपटॉपवर ठेवा.

२. ७२०८ चं माहिती-पान उघडा. 'अपडेटेड बाय'मध्ये कुठले नंबर आहेत ते वहीत लिहा.

३. डीमार्कचा ७४८९ हा कागद मार्च २०१५ मध्ये निघाला तेव्हा 'माहितीपर' दर्जाचा होता. आज त्याच्या पानावर काय लिहिलंय? त्याची जागा दुसऱ्या कुणी घेतली आहे का? स्वतः शोधा, मला विचारू नका!

४. तुमच्या धंद्याच्या ईमेलवरून स्वतःच्या जीमेलवर मेल पाठवा, 'शो ओरिजिनल' उघडा आणि निकाल लिहून घ्या.

चौथं काम आजच करा. तुमचं एखादं कोटेशन या क्षणी कुणाच्या तरी स्पॅममध्ये पडलेलं असू शकतं, आणि समोरचा माणूस तुम्हाला फोन करून ते सांगणार नाही. तो दुसरीकडे ऑर्डर देईल.

ताईंच्या भाच्याने गेल्या महिन्यात गावातल्या दोन दुकानांची डोमेन तपासून दिली. दोन्हींकडून पैसे घेतले, आणि दोन्हींना एका पानाचा अहवाल दिला. मला अहवालाचा फोटो पाठवला होता. कलमाचा नंबर बरोबर होता.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोवर, आधी रोग, मग औषध!